लांबच्या परदेश प्रवासासाठी पैशांची आणि कर्जाची आखणी

चार-सहा महिन्यांच्या परदेश प्रवासाचे अंदाजपत्रक मांडताना बहुतेक जण विमानाच्या तिकिटापासून सुरुवात करतात. तिकीट, व्हिसा, राहणे आणि खाणे हे खर्च नजरेसमोर असतात, ते कमी-जास्त करता येतात, आणि अगदीच हात आखडता घ्यावा लागला तर प्रवास ठरल्याआधी आटोपता येतो. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचा हप्ता, सोसायटीचे मेंटेनन्स, विम्याचे प्रीमियम आणि आई-वडिलांना दरमहा पाठवायची रक्कम यांच्या बाबतीत अशी सोय नसते. आपण लिस्बनमध्ये असू किंवा हनोईमध्ये, ठरलेल्या तारखेला त्या रकमा खात्यातून वजा होणारच. पंधरा दिवसांच्या सहलीत हे जाणवत नाही, कारण पगार चालू असतो. बिनपगारी रजा घेऊन किंवा नोकरी सोडून निघणाऱ्याचा पगार थांबतो आणि हप्ते चालूच राहतात. म्हणून लांबच्या प्रवासाची आखणी मागे राहणाऱ्या खर्चापासून सुरू करावी आणि तिकिटाकडे शेवटी यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागे राहणारा हिशेब

मागील बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि क्रेडिट कार्डाची बिले समोर घ्यावीत. तीन महिन्यांच्या स्टेटमेंटवर भागत नाही, कारण वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारे खर्च त्यात सापडत नाहीत. आरोग्य विमा, टर्म इन्शुरन्स, वाहनाचा विमा, मुलांची फी आणि मालमत्ता कर हे त्यातले ठळक. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांचा मालमत्ता कर सहामाहीच्या हिशेबाने आकारला जातो, आणि थकल्यास दरमहा २ टक्के दंड लागतो. प्रवासाच्या काळात येणारी सहामाही निघण्यापूर्वीच ऑनलाइन भरून टाकलेली बरी. घर बंद असले तरी महावितरणच्या बिलात स्थिर आकार येतोच, म्हणून तिथेही थोडी आगाऊ रक्कम भरून ठेवावी. सोसायटीचे मेंटेनन्स थकले तर अनेक सोसायट्यांत वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावले जाते. हा दर गृहकर्जाच्या दुपटीहून अधिक आहे, आणि तरीही लोक सर्वांत सहज विसरतात ते मेंटेनन्सच.

एक उदाहरण मांडून पाहू. कासारवडवलीत राहणारे एक जोडपे पाच महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन निघणार आहे असे समजू. गृहकर्जाचा हप्ता ४८,००० रुपये, गाडीच्या कर्जाचा ११,०००, मेंटेनन्स ५,५००, वीज-गॅस-इंटरनेट-फोन मिळून ३,५०० आणि गावी आई-वडिलांना १०,००० असे दरमहा ७८,००० रुपये होतात. पाच महिन्यांचे झाले ३,९०,०००. या काळात येणारे विम्याचे प्रीमियम ६६,००० आणि मालमत्ता कर १४,००० धरला की बेरीज ४,७०,००० वर जाते. परत आल्यावर पहिला पगार हातात पडेपर्यंत एक महिना जाईल आणि एखादा महिना अडचणीसाठी ठेवायला हवा. त्या दोन महिन्यांचा घरखर्च हप्त्यांसकट दरमहा १,२०,००० धरला तर आणखी २,४०,००० रुपये लागतील. म्हणजे विमानात बसण्यापूर्वीच ७,१०,००० रुपये बाजूला असले पाहिजेत आणि त्यातला एक रुपयाही परदेशात खर्च करायचा नाही. हा आकडा पाहून पुष्कळांचा पाच महिन्यांचा बेत तीन महिन्यांवर येतो. यायलाच हवा, तीन महिने निर्धास्तपणे फिरणे केव्हाही चांगले.

नोकरी सोडून जाणाऱ्याने परतीनंतरचा काळ दोन महिन्यांऐवजी सहा महिन्यांचा धरावा. ऐरोलीच्या किंवा वागळे इस्टेटच्या कंपनीत पूर्वी नोकरी लवकर मिळाली होती, यावर विसंबून राहू नये. शिवाय नोकरी सुटली की कंपनीचा सामूहिक आरोग्य विमाही संपतो, त्यामुळे राजीनाम्यापूर्वीच स्वतःची पॉलिसी घेणे आवश्यक ठरते; नव्या पॉलिसीत काही आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो, हेही ध्यानात घ्यावे.

या हिशेबात दोन गोष्टी स्टेटमेंटमध्ये दिसत नाहीत, आणि आपल्याकडच्या कुटुंबांत त्या हमखास असतात. पहिली म्हणजे भिशी. आपला नंबर आधीच लागून गेला असेल तर उरलेले सगळे हप्ते हे आपले कर्जच आहे. ते एकदम देऊन टाकावेत किंवा घरातल्या कोणाकडे तरी सोपवून जावेत. दुसरी गोष्ट जामीनकीची. एखाद्या पतसंस्थेत मित्राच्या किंवा चुलतभावाच्या कर्जाला आपण जामीन राहिलो असू आणि त्याने हप्ते थकवले, तर वसुलीची नोटीस आपल्याही दारावर येते; महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली मिळणारा वसुली दाखला जामीनदारावरही बजावता येतो. निघण्यापूर्वी त्या कर्जाची सद्यःस्थिती संस्थेत जाऊन विचारावी. नात्यात विचारायला संकोच वाटतो हे खरे, पण संस्थेच्या काउंटरवर विचारायला संकोचाचे कारण नाही.

कोणते कर्ज फेडून जावे

सर्व कर्जे फेडून मगच निघावे हा सल्ला ऐकायला चांगला असला, तरी गृहकर्ज असलेल्या माणसाला तो पाळता येणार नाही आणि पाळण्याची गरजही नाही. कर्जाचा दर आणि ते थकल्यास होणारी हानी या दोन गोष्टी पाहून क्रम लावावा.

क्रेडिट कार्डाची थकबाकी सर्वांत आधी शून्यावर आणावी. अनेक कार्डांवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ टक्के. केवळ किमान देय रक्कम भरत राहिले की जुन्या थकबाकीवर व्याज चालू राहतेच, शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. अशा कार्डाने परदेशात केलेल्या प्रत्येक खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. त्यानंतर वैयक्तिक कर्ज, मोबाइल-फ्रिज-टीव्हीचे हप्ते आणि ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ प्रकारची लहानसहान देणी संपवावीत. या देण्यांच्या रकमा लहान असल्या तरी प्रत्येकाची वजावटीची तारीख वेगळी असते, आणि एखादा दोन हजारांचा हप्ता चुकला तरी पत-इतिहासावर डाग पडायचा तो पडतोच. १ जानेवारी २०२५ पासून बँका आणि वित्तसंस्थांना कर्जदारांची माहिती सिबिलसारख्या पत-माहिती संस्थांना दर पंधरवड्याला किंवा त्याहून कमी अंतराने कळवावी लागते, त्यामुळे चुकलेला हप्ता आता पूर्वीपेक्षा लवकर नोंदला जातो.

सोनेतारण कर्जाकडे विशेष लक्ष द्यावे. ज्यात मुद्दल आणि व्याज मुदतीअखेर एकदम भरायचे असते, अशा कर्जाची मुदत प्रवासाच्या काळात संपत असेल, तर ते आधीच सोडवून घ्यावे किंवा नूतनीकरण करून घ्यावे. लिलावाची सूचना बंद घराच्या दारात पडून राहिली आणि आईच्या पाटल्या गेल्या, असे व्हायला नको.

गृहकर्ज मात्र चालू राहू द्यावे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लागत नाही, म्हणून काही जण हातातली रक्कम कर्जात भरून हप्ता कमी करण्याचा विचार करतात. एकदा कर्जात भरलेला पैसा अडचणीच्या वेळी परत मिळत नाही. लांबच्या प्रवासात व्याजाच्या बचतीपेक्षा हाताशी असलेली रोकड मोलाची असते. ओव्हरड्राफ्ट स्वरूपाचे गृहकर्ज असेल तर गोष्ट वेगळी: राखीव रक्कम त्या खात्यात ठेवली की व्याज वाचते आणि गरजेला पैसेही काढता येतात.

गृहकर्जाच्या बाबतीत एक साधी गणती पाहण्यासारखी आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँक खाते अनुत्पादित (एनपीए), म्हणजे बुडीताच्या वाटेवरचे ठरवते, आणि त्यानंतर तारण घराचा ताबा घेण्याचा अधिकार देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. दोन्ही मिळून पाच महिने होतात. हप्ता खात्यातून आपोआप वजा करण्याचा एखादा बँक-आदेश बिघडला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर हे सगळे एका लांबच्या प्रवासाच्या मुदतीत घडून जाऊ शकते. प्रवासासाठी बँक हप्ते पुढे ढकलून देईल, असे तर मुळीच गृहीत धरू नये.

प्रवासासाठी कर्ज काढावे का

माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण व्याजदरापुरते मर्यादित नाही. पगार चालू असताना घेतलेल्या कर्जाचा हप्ता पगारातून जातो. पगार थांबवून घेतलेल्या कर्जाचा पहिला हप्ता त्याच कर्जाच्या रकमेतून भरावा लागतो. ३ लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १०,२५० रुपये येतो आणि एकूण व्याज ६९,००० च्या घरात जाते. पाच महिन्यांच्या प्रवासातच त्यातले पन्नास हजारांहून अधिक रुपये बँकेकडे परत गेलेले असतात. म्हणजे खर्चायला मिळतात अडीच लाखांहून कमी आणि व्याज भरायचे तीन लाखांचे.

गृहकर्जावरचे टॉप-अप, म्हणजे त्याच घराच्या तारणावर घेतलेले वाढीव कर्ज, दराने स्वस्त असते आणि म्हणूनच अधिक फसवे असते. ५ लाख रुपये ९ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले तर हप्ता अवघा ५,०७१ रुपये दिसतो, पण एकूण फेड होते ९ लाख १३ हजारांच्या आसपास. पाच महिन्यांच्या भटकंतीचे पैसे मुलगी बारावीला जाईपर्यंत फेडत बसायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. तिकिटावरच्या ‘नो-कॉस्ट’ हप्त्यातही एकरकमी पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट बहुधा गेलेली असते आणि व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो.

कर्जाची वाट अगदीच घ्यावी लागली तर मुदत ठेवीवरचा ओव्हरड्राफ्ट बरा. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनी जास्त असतो, वापरलेल्या रकमेवरच व्याज लागते आणि ठेव मोडावी लागत नाही. त्याचा उपयोगही अडचणीपुरता ठेवावा: परदेशात आजारपण आले, अचानक परतीचे तिकीट काढावे लागले, तर घरबसल्या पैसे उपलब्ध व्हावेत एवढ्यासाठी.

व्हिसासाठी खात्यात मोठी शिल्लक दिसावी म्हणून कर्ज काढून किंवा नातेवाइकांकडून रक्कम आणून ठेवण्याचा एक मार्गही सुचवला जातो. वकिलातीला शिल्लक दिसते तशीच मागील काही महिन्यांची उलाढालही दिसते. अर्जाच्या आधीच्या आठवड्यात अवतरलेले चार लाख रुपये संशयाला निमंत्रण देतात. त्यापेक्षा सहा महिने आधीपासून प्रवासाचे पैसे वेगळ्या खात्यात नियमित साठवत गेल्यास तेच स्टेटमेंट आपली बाजू मांडते.

हप्त्यांचे स्वतंत्र खाते

मागे राहणाऱ्या खर्चासाठी एक खाते पूर्णपणे वेगळे असावे. गृहकर्ज, गाडीचे कर्ज, विमा, एसआयपी आणि बिले या सर्वांची वजावट त्याच खात्यातून व्हावी, प्रवासाच्या संपूर्ण काळाची रक्कम निघण्यापूर्वी त्यात भरलेली असावी आणि वर किमान एका महिन्याची जादा रक्कम राहावी. त्या खात्याचे डेबिट कार्ड घरीच ठेवून जावे. वरच्या उदाहरणातले ४,७०,००० रुपये या खात्यात असतील, तर परदेशात मोह पडला तरी हात तिथपर्यंत पोहोचत नाही.

कर्जाची वजावट एका खात्यातून दुसऱ्या खात्यावर नेण्यासाठी नवा बँक-आदेश द्यावा लागतो आणि तो मंजूर व्हायला काही आठवडे लागू शकतात. त्यामुळे हे काम निघण्याच्या किमान तीन महिने आधी सुरू करावे आणि नव्या खात्यातून निदान एक हप्ता प्रत्यक्ष गेलेला पाहिल्याशिवाय जुने खाते रिकामे करू नये. खात्याची केवायसी अद्ययावत आहे का, हेही त्याच फेरीत शाखेत विचारून घ्यावे. केवायसी रखडल्यामुळे व्यवहार थांबलेले खाते हनोईतून सुरू करून घेणे फार कष्टाचे असते. कोणाला पुढील तारखेचे धनादेश दिलेले असतील तर ते कोणत्या खात्याचे आहेत ते तपासावे. धनादेश परत गेला आणि निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ ची नोटीस आली, तर रक्कम भरायला पंधरा दिवसांचीच मुदत असते, आणि ते पंधरा दिवस आपण देशाबाहेर आहोत म्हणून थांबत नाहीत.

हे खाते भाऊ, बहीण किंवा आई-वडील यांच्यापैकी कोणासोबत संयुक्त असावे आणि ते ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने चालवता यावे. संयुक्त खाते करणे शक्य नसेल, तर विश्वासातल्या व्यक्तीच्या नावे बँकेपुरते आणि घरापुरते मर्यादित कुलमुखत्यारपत्र करावे. सर्वाधिकार देणाऱ्या सरसकट मसुद्यावर सही करू नये. शेजाऱ्यांकडे किल्ली देतो तशी टपालपेटीची किल्लीही द्यावी आणि बँक, विमा, महापालिका किंवा न्यायालय यांच्याकडून आलेल्या प्रत्येक पाकिटाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगावे.

घर भाड्याने द्यावे का

पाच-सहा महिने रिकामे राहणारे घर भाड्याने दिले तर हप्त्याचा काही भाग सुटतो, हे खरे आहे. ठाण्यात आणि खारघर-नेरुळकडे भाडेकरूंची वानवा नसली, तरी बहुतेकांना अकरा महिन्यांचा करार हवा असतो आणि आपल्याला पाच महिन्यांनी घर परत हवे असते. परतल्यावर सहा महिने डोंबिवलीला मामाकडे राहण्याची तयारी असेल, तरच तसा करार करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर येते. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क आकारू शकते, मात्र ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. भाडे थेट हप्त्यांच्या खात्यात यावे. अनामत रक्कम मात्र परत करायची असते, ती तिकिटात घालू नये; एवढी उघड गोष्ट लिहावी लागते, कारण ती फार वेळा मोडली जाते.

परकीय चलन, मर्यादा आणि टीसीएस

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार, म्हणजे एलआरएसनुसार, एका निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता किंवा पाठवता येते. सर्वसामान्य प्रवाशाला ही मर्यादा कधीच अडत नाही. त्याला अडतो तो टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने वसूल केलेला आयकर. एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंतच्या प्रेषणावर टीसीएस नाही. पर्यटनासाठी त्यावर गेलेल्या रकमेवर २० टक्के वसूल केले जातात. टूर कंपनीच्या पॅकेजला मात्र वेगळा दर लागतो आणि अर्थसंकल्पात तो बदलला जातो, म्हणून पॅकेज घेणाऱ्याने बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा.

समजा जोडप्याने सगळे १४ लाख रुपये एकाच्याच खात्यातून फॉरेक्स कार्डावर भरले. वरच्या ४ लाखांवर ८०,००० रुपये टीसीएस कापला जाईल. दोघांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर सात-सात लाख भरले तर काहीच कापले जाणार नाही. मार्च आणि एप्रिल ही दोन वेगळी आर्थिक वर्षे असल्याने, फेब्रुवारीत निघणाऱ्याला अर्धी रक्कम एप्रिलनंतर भरण्याचाही मार्ग आहे. कापलेला टीसीएस बुडत नाही. तो विवरणपत्रात जमा मिळतो आणि नोकरदाराला कंपनीला कळवून पगारातील करकपातीत वळताही करता येतो. तरी प्रवासाच्या ऐन वेळी ८०,००० रुपये वर्षभर अडकून पडणे परवडत नाही. परदेशात असताना आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डाने केलेला खर्च एलआरएसमध्ये धरण्याचा निर्णय केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये पुढे ढकलला; डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्डाचा खर्च मात्र धरला जातो.

बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. मनी चेंजरला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने देता येत नाही, ती बँकेतूनच द्यावी लागते. भाव विचारताना ‘कमिशन नाही’ या पाटीकडे पाहू नये. नौपाड्यात, वाशीत किंवा ऑनलाइन, जिथे विचाराल तिथे एकच प्रश्न विचारावा: जीएसटी आणि सगळे आकार धरून मी किती रुपये द्यायचे आणि मला नेमके किती डॉलर मिळणार? रुपयांना डॉलरने भागले की खरा दर कळतो. विमानतळावरचा दर बहुधा सर्वांत वाईट असतो. कंबोडियासारख्या देशांत डॉलर सर्रास चालतात, पण चुरगळलेल्या, फाटक्या किंवा शाई लागलेल्या नोटा नाकारल्या जातात, म्हणून नोटा घेतानाच पाहून घ्याव्यात.

रुपयाच्या घसरणीसाठीही वाव ठेवावा. २०२० च्या सुरुवातीला सुमारे ७१ रुपयांना असलेला डॉलर डिसेंबर २०२५ मध्ये ९० रुपयांच्या पुढे गेला. पाच महिन्यांच्या प्रवासात तीन-चार टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो. पूर्ण रक्कम एकाच दिवशी बदलण्यापेक्षा निघण्यापूर्वीच्या तीन-चार महिन्यांत टप्प्याटप्प्याने फॉरेक्स कार्डावर भरत गेल्यास एखाद्या वाईट दिवसाचा फटका सौम्य होतो.

कार्डे आणि फोन

फॉरेक्स कार्ड डॉलर, युरो, पौंड अशा मोठ्या चलनांसाठी उत्तम असते. जे चलन कार्डावर भरता येत नाही, अशा व्हिएतनामी डोंगसारख्या चलनात ते वापरले की चलन-बदलाचे वेगळे शुल्क लागते. साध्या क्रेडिट कार्डावर साधारण साडेतीन टक्के मार्क-अप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावरचा बँकेचा आकार, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे ४.१३ टक्के जातात. १ लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये. मार्क-अप नसलेली किंवा कमी असलेली कार्डेही मिळतात आणि अनेक देशांतून जाणाऱ्याला ती अधिक सोयीची पडतात. निदान दोन वेगवेगळ्या नेटवर्कची कार्डे बरोबर असावीत आणि ती एकाच पाकिटात ठेवू नयेत. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज लागते, म्हणून तो मार्ग प्रवासभर बंदच समजावा. थायलंडमध्ये स्थानिक बँकेचे एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २०० बाटहून अधिक शुल्क घेते. तिथे चार वेळा थोडे काढण्यापेक्षा एकदा पुरेसे काढावे.

दुकानात किंवा हॉटेलात मशीनवर ‘रुपयांत द्यायचे की स्थानिक चलनात’ असा प्रश्न आला तर नेहमी स्थानिक चलन निवडावे. रुपयांचा आकडा ओळखीचा असल्यामुळे बरा वाटतो, पण तो दर दुकानाच्या बँकेने लावलेला असतो आणि महाग पडतो. यूपीआय भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस आणि फ्रान्स येथे ठरावीक ठिकाणी चालते. त्यावर आखणी बेतू नये.

कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांपासून मुळात बंद अवस्थेत येतात. ते बँकेच्या ॲपमधून चालू करून रोजची मर्यादा आपल्या खर्चाइतकीच ठेवावी. कार्ड हरवल्यास लागणारा बँकेचा फोन नंबर कागदावर लिहून न्यावा, आणि तो टोल-फ्री नसावा, कारण १८०० ने सुरू होणारे नंबर परदेशातून बहुधा लागत नाहीत.

सगळ्यांत नाजूक दुवा आहे बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर. ओटीपी आला नाही तर खात्यात पैसे असूनही आपण हतबल होतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी इथेच सुरू करून घ्यावे, प्रीपेड असल्यास संपूर्ण काळाची वैधता भरून ठेवावी, आणि भारतीय सिम फोनमध्ये कायम राहील अशा रीतीने परदेशी सिमसाठी दुसरी जागा किंवा ई-सिम वापरावे. अनेक बँक ॲप सिमशी बांधलेली असतात. परदेशात नवा फोन घेतला तर ती पुन्हा सुरू होतीलच असे नाही, म्हणून फोन बदलायचा असेल तर जाण्याच्या महिनाभर आधी बदलावा.

ज्येष्ठांसाठी

मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत जाणारे आई-वडील ठाणे आणि नवी मुंबईच्या प्रत्येक संकुलात आढळतात. त्यांना कर्जाची चिंता सहसा नसते, पण तारखांची असते. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. ८० वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. ‘जीवन प्रमाण’ ॲपवर चेहरा ओळखून दाखला देता येतो, त्याची तालीम इथे मुलाबाळांसमोर एकदा करून घ्यावी. ठेवींच्या व्याजावर कर कापू नये म्हणून एप्रिलमध्ये द्यायचा फॉर्म आणि मुदत संपणाऱ्या ठेवींच्या नूतनीकरणाच्या सूचना बँकेत देऊन निघावे. भारतातला आरोग्य विमा परदेशात सहसा चालत नाही, म्हणून तिथल्या संपूर्ण मुक्कामासाठी प्रवास विमा हवा आणि जुन्या आजारांबाबत त्यात काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. शेंगेन व्हिसासाठी तर किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण असल्याशिवाय अर्जच पुढे सरकत नाही.

सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिले की माणूस आपोआप अनिवासी होतो, असा एक समज आहे. फिरायला किंवा मुलांकडे गेलेली व्यक्ती त्या आर्थिक वर्षात ६० दिवस किंवा अधिक भारतात असेल आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस असेल, तर ती आयकरासाठी निवासीच राहते. त्यामुळे खाती एनआरओ (अनिवासींसाठीची) करण्याची घाई करू नये आणि विवरणपत्र नेहमीप्रमाणे मुदतीत भरावे. विवरणपत्राची आधारवरून पडताळणी करताना ओटीपी आधारशी जोडलेल्या भारतीय नंबरवरच येतो, म्हणून तो चालू हवा.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करावेत आणि प्रवासातल्या सर्व महिन्यांची स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचावीत; हॉटेलने अनामत म्हणून अडकवलेली रक्कम सुटली का, एखादी वर्गणी परदेशी चलनात चालू राहिली का, हे तिथेच कळते. उरलेल्या परदेशी नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात. त्यावरचे चलन परतल्यापासून १८० दिवसांच्या आत बँकेला किंवा मनी चेंजरला परत विकावे लागते. फॉरेक्स कार्डावरची शिल्लक नुसती पडून राहिली तर काही कार्डांवर निष्क्रियतेचे शुल्क लागते, म्हणून पुढचा प्रवास लगेच नसेल तर तीही वळती करून घ्यावी. टीसीएस कापला गेला असल्यास तो आयकर पोर्टलवरच्या कर-जमेच्या विवरणात आपल्या पॅनवर दिसतो का ते पाहावे आणि दिसत नसेल तर विवरणपत्र भरण्यापूर्वीच बँकेकडे लेखी विचारणा करावी. हप्त्यांच्या खात्यात काही रक्कम उरली असेल, तर पहिला पगार जमा होईपर्यंत ती तिथेच राहू द्यावी.